जिन्यातल्या पेटीची वायर काढून धरल्याबाबत

दिनांक ९ ऑक्टोबर, गुरुवार.

परवा, मंगळवारी दुपारी, मी गिरणीमागच्या गल्लीतील चार मजली इमारतीत शिरलो, जिन्याखालच्या इंटरनेटच्या पेटीचे दार ओढून उघडले, आतली मुख्य वायर काढली आणि ती हातात धरून पेटीसमोर उभा राहिलो. दार ओढताना कडी तुटली. सगळ्या इमारतीचे नेट बंद पडले. ते मी बराच वेळ कोणालाही सुरू करू दिले नाही. पोलीस आल्यावर वायर मीच परत लावली.

मी, गल्लीत हळूभाऊ म्हणून ओळखला जाणारा, वय ६१ वर्षे, धंदा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणे, राहणार त्याच गल्लीत, वरील इमारतीच्या समोरच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळचे घर, आज ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. माझी पत्नी जून महिन्यात वारली.

पत्नी घरामागच्या शेडमध्ये जुन्या खुर्च्या आणि सोफे उसवून, नव्याने भरून, शिवून देण्याचे काम करीत असे. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मेहुणी, या कामात तिची भागीदार होती. मेहुणी सदर इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. फोटोंचा प्रकार समजावा म्हणून त्या दोघींच्या कामाची पद्धत सांगणे भाग आहे. खुर्ची उसवण्याआधी पत्नी तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढी, म्हणजे शिवण कुठून कशी गेली होती ते परत जोडताना कळे. फोटो तिच्या फोनवर काढला की लगेच शेडमधल्या टॅबवर दिसे, कारण दोन्हींवर एकच खाते होते. माझा फोनही त्याच खात्यावर होता. "एका घरात दोन-दोन खाती कशाला," असे तिचे म्हणणे होते.

खुर्ची तयार झाली की तिच्यावर आधी पत्नी स्वतः बसे. ती बसल्याशिवाय खुर्ची शेडबाहेर जात नसे. टेकून बसे, पुढे सरकून बसे, एकदा जोरात बसे. मग मी फोटो काढायचा आणि तो गिऱ्हाइकाला पाठवायचा. खुर्ची पोचल्याचा निरोप आला की उसवण्याआधीचे फोटो उडवायचे आणि बसलेला ठेवायचा, हा शेडचा नियम होता. याखेरीज तिने मला कधी फोटो काढू दिला नाही. "काम नसताना काय बसायचं," असे म्हणे. त्यामुळे तिचे जे फोटो आहेत ते सगळे लोकांच्या खुर्च्यांमधले आहेत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही.

पत्नी गेल्यावर शेडमध्ये उसवलेल्या काही खुर्च्या राहिल्या होत्या. मेहुणीने त्या एकटीने पूर्ण केल्या. शेवटची खुर्ची गेली त्या दिवशी टॅबवर जागा भरल्याची सूचना सारखी येत होती. मेहुणीने नियमाप्रमाणे जुने फोटो उडवायला घेतले. तरी सूचना जाईना, म्हणून तिने वरपासून खालपर्यंत सगळेच निवडले आणि उडवले. टॅबची कचरापेटीही रिकामी केली. टॅबवरचे गेले तरी भाऊजींच्या फोनवर आहेतच, तोच आपला बॅकअप, अशी तिची समजूत होती. माझीही तीच होती. तिने मला विचारले असते तर मी खुशाल उडव म्हणालो असतो.

त्या संध्याकाळी मी जेवायला बसताना फोन उघडला. फोटोंच्या जागी पांढरा पडदा होता आणि मध्ये लिहिले होते की येथे अजून काही नाही.

मेहुणी धावत आली. मी तिला काही बोललो नाही. ती म्हणाली, "भाऊजी, शिव्या द्या, पण काहीतरी बोला." मला शिव्या येत नाहीत, असे मी सांगितले. त्यानंतर आमचे बोलणे बंद होते. मी आधीही फार बोलत नसे, त्यामुळे ही गोष्ट तिच्याशिवाय कोणाच्या लक्षात आली नाही.

विचारल्यावरून सांगतो की, मंगळवारी दुपारच्या सुट्टीत मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो होतो. गेलेले फोटो माझ्या फोनमधून खरवडून काढता येतात का, एवढे विचारायचे होते. दुरुस्तीवाल्याने फोन तपासला, खाते तपासले आणि मान हलवली.

तो म्हणाला, "काका, तुमच्याकडे बॅकअप नव्हताच. सिंक होतं."

मी म्हणालो, "तीन ठिकाणी फोटो होते."

"तीन ठिकाणी दिसत होते."

मला हे पटले नाही. तेव्हा त्याने दुकानाच्या मागच्या दाराकडे बोट केले. तो म्हणाला, "या दुकानाला दोन दारं आहेत. तुम्ही पुढून बघा, मागून बघा, आतला माल तेवढाच. आता मागच्या दाराने कोणी माल नेला, तर तो पुढच्या दारातून कसा दिसेल? तुमचा फोन, ताईंचा फोन, टॅब, ही सगळी दारं. सिंक म्हणजे दारं वाढवणं. एकाने ठेवलं की सगळ्यांना दिसतं, एकाने उचललं की सगळ्यांचं जातं. ते त्याचं कामच आहे, आणि त्याने ते चोख केलं."

मी विचारले, "आणि बॅकअप?"

"बॅकअप म्हणजे दुसऱ्या गल्लीतलं गोदाम. इथला माल एकदा तिथे नेऊन ठेवायचा आणि कुलूप लावून परत यायचं. इथे चोरी झाली, आग लागली, मालकाला वेड लागलं, तरी त्याला पत्ता लागता कामा नये. बॅकअप अडाणी हवा, काका. बाहेर काय झालं ते त्याला कळायला नको."

असे गोदाम आमच्याकडे नव्हते. मी फोन खिशात ठेवला. तेवढ्यात तो वाजला. फोन मेहुणीचा होता.

मी फोन कानाला लावला. मेहुणी पुढीलप्रमाणे म्हणाली: "भाऊजी, ठेवू नका, ठेवू नका, आधी ऐका. ताई सापडली. अहो, तिचा जुना लॅपटॉप, बिजागरी तुटली म्हणून माझ्याकडे माळ्यावर टाकला होता बघा, कापडाच्या गठ्ठ्यामागे. आत्ता काढला, चार्जरला लावला, सुरू झाला. सगळे फोटो आहेत. अख्खी ताई आहे. निळ्या खुर्चीत आहे, त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या. तोंड वाकडं करून बसलीय, स्प्रिंग टोचत असणार."

लॅपटॉप दोन वर्षांपूर्वी माळ्यावर गेला होता. त्यावरही तेच खाते होते, आणि फोटो त्याच्या आतही उतरलेले होते. हे आम्ही सगळेच विसरलो होतो.

माझा चेहरा पाहून दुरुस्तीवाल्याने विचारले, काय झाले. मी सांगितले. त्याच्या हातातून पेचकस खाली पडला. तो म्हणाला, "तिथे नेट आहे का? लॅपटॉप आधी कधी त्या घरात नेटला लागला होता का?"

मी म्हणालो, कित्येकदा.

तो म्हणाला, "काका, त्या लॅपटॉपला अजून काही कळलेलं नाही. तो दोन वर्षं झोपला होता. त्याच्या लेखी सगळं जागच्या जागी आहे. आता नेट लागलं की तो खात्याला विचारणार, मी नव्हतो तेव्हा काय काय झालं? खातं सांगणार, सगळं गेलं. मग तोही एकेक करून पुसणार. बंद करायला सांगा. आत्ता."

मी फोनवर सांगितले, "लॅपटॉप बंद कर."

माझा आवाज लहान आहे. मेहुणी बोलत असताना तिला काही सांगता येत नाही, हे गल्लीत कोणालाही विचारावे. ती म्हणत होती, "आणि ही हिरवी, मखमलीची, हिला बघा, राणीसारखी बसलीय. आणि भाऊजी, तुम्ही कुठेच नाही हो, नुसता कोपऱ्यात अंगठा. प्रत्येक फोटोत अंगठा. ताई म्हणायची ना, यांचा अंगठा म्हणजे आपला शिक्का."

मी पुन्हा सांगितले. ती म्हणाली, "थांबा हो, बघू तर द्या."

मग ती म्हणाली, "अहो, हे काय. निळी कुठे गेली? आत्ता होती."

मी दुकानातून निघालो. मी पळत होतो. गेल्या कित्येक वर्षांत मी पळालेलो नाही. फोन कानाला तसाच होता. ती म्हणत होती, कोपऱ्यात एक गोल फिरतोय, आणखी एक गेला, हा पण गेला, भाऊजी, मी काही केलं नाही, मी हातही लावला नाही. मी भर गल्लीत थांबून ओरडलो, "नेट बंद कर." इस्त्रीवाला बाहेर आला. समोरच्या घरातल्या दोन खिडक्या उघडल्या. माझा आवाज तेवढा होऊ शकतो, हे मला माहीत नव्हते. मेहुणीने फोन कुठेतरी टाकला असावा, कारण त्यानंतर मला फक्त तिचे लांबून बोलणे ऐकू येत होते. ती लॅपटॉपलाच सांगत होती, "थांब रे बाबा, थांब."

(येथे जबाब देणारा उभा राहून हातवारे करून सांगू लागला. त्यास बसण्यास सांगितले. पाणी दिले.)

विचारल्यावरून सांगतो की, मी वर चौथ्या मजल्यावर का गेलो नाही, याचे कारण असे. त्या इमारतीला लिफ्ट नाही आणि माझे गुडघे दुखतात. मी वर पोचेपर्यंत किती खुर्च्या जातील, एवढाच विचार डोक्यात होता. जिन्याखाली नेटची लाकडी पेटी आहे, ती मला ठाऊक होती. सोफा चढवताना त्या पेटीचा कोपरा नेहमी आडवा येई आणि पत्नी नेहमी तिला बोल लावी. तिथूनच सगळ्या मजल्यांना नेट जाते. पेटीला छोटी कडी होती, तिला कुलूप नव्हते. मी दार ओढले. कडी तुटून माझ्या हातात आली. आत पुष्कळ वायरी होत्या, त्यातली सगळ्यात जाड, बाहेरून येणारी, मी काढली. हिरवे दिवे विझले.

वरून मेहुणीचा आवाज आला, "थांबलं."

मी तिथेच जिन्याच्या पायरीला टेकलो. नंतर लक्षात आले की टेकून चालणार नाही, कोणीतरी येऊन वायर लावील. म्हणून उठून पेटीसमोर उभा राहिलो.

पहिल्यांदा इमारतीचे व्यवस्थापक आले. ते तळमजल्यावर राहतात. ते म्हणाले, "हळूभाऊ, तुम्ही? अहो, तुम्ही चप्पलसुद्धा आवाज न करता काढता." मी म्हणालो, वायर मी काढली आहे आणि थोड्या वेळाने लावतो. ते म्हणाले, "थोड्या म्हणजे?" मी वायर दुसऱ्या हातात घेतली.

त्यानंतर तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू खाली आले. त्यांची त्या वेळी नोकरीसाठी नेटवरून मुलाखत चालू होती, आणि ती मध्येच तुटली. ते वरून कोट आणि टायमध्ये होते, खालून अर्ध्या चड्डीत. नेटवरच्या मुलाखतीचा पोशाख असाच असतो, हे मला नंतर समजले. ते म्हणाले, "काका, हात काढा. तिकडे पाच जण माझ्याकडे बघत बसलेत. मी 'अपयशातून मी काय शिकलो' हे सांगत होतो आणि नेमका तिथेच गोठलो. तोंड उघडं असणार माझं."

व्यवस्थापक त्यांना म्हणाले, "मग मोबाइलवरून लावा ना."

"सकाळीच संपला डेटा. आठ महिने घरी बसलोय मी, माहितीय ना तुम्हाला?"

मला ते ठाऊक होते. तरी मी हात काढला नाही. हे मी लपवत नाही. मी त्यांना म्हणालो की माझी चूक आहे, पण वायर देता येणार नाही.

ते म्हणाले, "मी पोलिसांना फोन करतो."

मी म्हणालो, "जरूर करा. मी इथून हलणार नाही, त्यामुळे त्यांना मला शोधावं लागणार नाही."

या वेळेपर्यंत दुरुस्तीवाला दुकानाचे शटर ओढून, दोन कोऱ्या हार्ड डिस्क घेऊन आला आणि आमच्या अंगावरून पायऱ्या चढून वर गेला. थोड्या वेळाने त्याने चौथ्या मजल्यावरच्या कठड्यावरून हाक मारली, "काका, लॅपटॉपचं वायफाय बंद केलं. लावा नेट खुशाल."

भाडेकरूंनी हात पुढे केला. मी बाजूला झालो नाही. मी वर विचारले, "फोटो डिस्कवर उतरले का?"

"उतरतायत. पण त्याचा आणि नेटचा आता काही संबंध नाही. मी बंद केलंय."

"उतरले की सांग."

"काका, खरंच काही होणार नाही."

मी म्हणालो, "हे आम्ही सगळे आधीही म्हणत होतो."

या ठिकाणी मला मुद्दाम नोंदवायचे आहे की दुरुस्तीवाला बरोबर होता. त्या क्षणापासून वायर धरून ठेवण्याची गरज नव्हती. ती मी माझ्या जबाबदारीवर धरली. त्यामुळे भाडेकरूंना जो त्रास झाला त्याचा दोष दुरुस्तीवाल्यावर किंवा मेहुणीवर येऊ नये. ते दोघे वर होते. खाली मी एकटा होतो.

मग जिन्यात माणसे जमली. पहिल्या मजल्यावरच्या आजी खुर्ची घेऊन आल्या आणि पेटीच्या बाजूला बसल्या. त्यांनी भाडेकरूंना विचारले, "कोट काढून घे ना रे, उकडत असेल." ते म्हणाले, "आजी, कोट काढला तर सगळंच गेलं." माणसे हसली. भाडेकरूही हसले असावेत. मी वर कान लावून होतो.

मेहुणी कठड्याला ओणवून एकेक फोटो उतरताना सांगत होती. "भाऊजी, मखमलीची आली. वेताची आली. त्या वकिलाची फिरती खुर्ची आली, हिच्यात ताई फिरलेली दिसतेय, चेहराच नाही, नुसते केस." खाली व्यवस्थापक म्हणाले, "या बाई काय लिलाव करतायत का?" आजी म्हणाल्या, "गप बसा, ऐकू द्या." मी वायर सोडली नाही. खरे सांगायचे तर त्या वेळी मला भीती वाटत नव्हती. जूनपासून मी इतका खुशीत नव्हतो. हे पोलीस ठाण्यात सांगणे योग्य आहे की नाही, मला माहीत नाही. पण मी त्या वेळी काय करत होतो असे विचारले आहे, म्हणून सांगतो.

त्यानंतर हवालदार मॅडम आल्या. भाडेकरू आणि व्यवस्थापक एकदम बोलू लागले. मॅडमनी हात वर करून दोघांना थांबवले आणि मला विचारले, "तुम्ही धरून काय ठेवलंय?"

मी म्हणालो, "वायर."

"ते दिसतंय. कशासाठी?"

मी वर बोट केले. आजी म्हणाल्या, "बायकोचे फोटो वाचवतोय. सोडू नका म्हणावं अजून."

मॅडम म्हणाल्या, "बाजूला व्हा."

मी म्हणालो, "बाई, थोडे राहिलेत. मग हवं तिथे घेऊन चला."

मॅडमनी माझ्याकडे, मग भाडेकरूंच्या चड्डीकडे पाहिले, आणि जिना चढून वर गेल्या. मी वायर धरून उभा राहिलो. भाडेकरू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "काका, मी आत्ता झटकन वायर ओढून घेऊ शकतो, माहितीय ना?" मी म्हणालो, माहीत आहे. त्यांनी ओढली नाही. ते पायरीवर बसले आणि त्यांनी टाय सैल केला. ही गोष्ट त्यांच्या तक्रारीत आलेली नसेल, म्हणून मी सांगतो.

मॅडम खाली आल्या. त्या म्हणाल्या, "झालं. दोन्ही डिस्कवर उतरलेत. मी डोळ्यांनी पाहिलं. लावा आता."

मी विचारले, "तुम्ही स्वतः उघडून पाहिले?"

"उघडून पाहिले. एक बाई खुर्च्यांमध्ये बसलेल्या."

मी विचारले, "कशी दिसते?"

मॅडमनी उत्तर दिले. ते या प्रकरणाच्या कामाचे नसल्याने येथे लिहून घेतलेले नाही.

मी वायर लावली. पहिल्यांदा ती नीट बसली नाही, कारण हाताला घाम आला होता. दुसऱ्यांदा बसली. हिरवे दिवे एकेक करून लागले. भाडेकरू तीन-तीन पायऱ्या एकदम चढून वर गेले, पण पलीकडची माणसे तोवर निघून गेली होती.

विचारल्यावरून सांगतो की, किती फोटो वाचले आणि किती गेले, ते पुढीलप्रमाणे. मी वायर काढेपर्यंत जे पुसले गेले, त्यातले काही दुरुस्तीवाल्याने लॅपटॉपच्या कचरापेटीतून काढून दिले. काही मिळाले नाहीत. निळी खुर्ची मिळाली नाही. लॅपटॉप माळ्यावर गेल्यानंतरच्या दोन वर्षांतले फोटो त्यात कधी आलेच नव्हते, तेही गेले. त्यांतले पहिल्या वर्षातले खुर्च्यांचे होते. पुढचे बहुतेक रुग्णालयातल्या कागदांचे होते. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

दोन डिस्कपैकी एक माझ्या घरी आहे आणि एक मेहुणीकडे. दोन्ही कशालाही जोडलेल्या नाहीत. मेहुणीने तिच्या डिस्कवर खडूने 'उडवू नये' असे लिहिले आहे. खडू पुसला जाईल, असे मी म्हणालो. ती म्हणाली, "मग पुन्हा लिहीन. बोललात तर खरं." आमचे बोलणे आता पूर्वीसारखे आहे, म्हणजे ती बोलते.

मेहुणीविरुद्ध, दुरुस्तीवाल्याविरुद्ध किंवा फोटोंचे खाते चालवणाऱ्या कंपनीविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. टॅबवरून फोटो उडवण्याची आज्ञा आमच्याच घरातून गेली होती आणि ती सगळीकडे पाळली गेली. भाडेकरूंची मी बुधवारी त्यांच्या दारात जाऊन माफी मागितली. ते म्हणाले की पलीकडच्या लोकांनी त्यांना आज, गुरुवारी सकाळी, पुन्हा वेळ दिली आहे. मी म्हणालो, त्या वेळी मी पेटीजवळ येणार नाही. ते म्हणाले, "काका, तुम्ही आलात तरी चालेल, फक्त हात खिशात ठेवा."

मी वायर काढली, कडी तोडली आणि नेट अडवून धरले, हे मला मान्य आहे. जो काही नियम असेल तो मला लागू करावा. पुन्हा असे करणार नाही, असे मला सांगायला सांगितले आहे. पुन्हा असे करण्याची गरज पडणार नाही, असे मी सांगतो.

हा जबाब मला अक्षरन् अक्षर वाचून दाखवण्यात आला. मी बोललो तसाच तो उतरला आहे. कोणी धाक घातला नाही की काही सुचवले नाही. मात्र ऐकल्यावर लक्षात आले की कडीचे पुढे काय झाले ते राहून गेले. माझ्या सांगण्यावरून ते सहीच्या वर घालण्यात येत आहे.

आज सकाळी ठाण्यात येण्याआधी मी त्या इमारतीत गेलो. बरोबर नवी कडी आणि पत्नीच्या कामाची पेटी होती. ही पेटी जूनपासून उघडलेली नव्हती. जिन्यात कोणी नव्हते. मी कडी नेटच्या पेटीच्या दाराला लावून पाहिली. ती खिळ्यांनी ठोकायची होती, आणि मी हातोडी काढलीही होती. पण तिसऱ्या मजल्यावरचे दार बंद होते आणि आतून एकाच माणसाच्या बोलण्याचा आवाज येत होता, नीट, न अडखळता. म्हणून हातोडी परत ठेवली. पत्नीच्या पेटीच्या तळाशी स्क्रू सापडले, खुर्च्यांच्या पायांना लागतात तसले. ते मी पेचकसाने एकेक करून पिळले. वेळ लागला. शेवटी नेटच्या पेटीचे दार लावले, कडी घातली, ओढून पाहिली आणि सांडलेला भुसा हातानेच गोळा केला.